क्लच बदलताना पायलटला बुश की रोलर बेअरिंग? आधी शाफ्टचं टोक बघा

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या बेळगावातल्या खानापूर रोडच्या गॅरेजात क्लचच्या कामांची रांग लागते. उसाचे ट्रॅक्टर, भाजीच्या गाड्या, जांबोटीकडच्या जुन्या जीपा. आणि दरवर्षी दोन-तीन गिऱ्हाइकं पार्ट हातात घेऊनच येतात. गिअर बॉक्स अजून जागेवर, गाडीचा एक बोल्टसुद्धा सुटलेला नाही, पण पिशवीत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि वर एक चकचकीत रोलर बेअरिंग. ‘मेस्त्री, जुना बुश काढा आणि हे घाला. बुशपेक्षा बेअरिंग कधीही भारी.’

इथेच काम बिघडतं. बुश की बेअरिंग हे दुकानाच्या काउंटरवर ठरत नाही. ते गिअर बॉक्सच्या शाफ्टचं टोक आणि क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, भोक बघून, मापून ठरतं. म्हणून या लेखात खरेदी चौथ्या टप्प्यानंतर येते. तो क्रम मोडू नका.

आपण कुठल्या पार्टबद्दल बोलतोय ते एकदा स्पष्ट करू. गिअर बॉक्समधून पुढे येणारा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांतून जातो आणि त्याचं बारीक टोक क्रँकच्या मागच्या भोकात, किंवा क्रँकवर बसलेल्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या मधोमध, टेकतं. त्या टेकण्याच्या जागी जो छोटा बुश (धातूचा साधा नळा) किंवा बेअरिंग असतो तो पायलट. कुणी त्याला स्पिगॉट म्हणतं. सीमाभागात भाषेवरून आजवर काय काय झालं, पण दुकानात मराठी बोला की कानडी, बेअरिंगला बेअरिंगच म्हणतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावर चालतं. पेडल वर असताना क्रँक आणि शाफ्ट एकत्र फिरतात, म्हणजे पायलटला काहीच काम नसतं. क्लच दाबला की शाफ्ट मागे पडतो किंवा थांबतो, क्रँक फिरत राहतो, आणि तेवढ्याच वेळात पायलट झिजतो. गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा क्लच किती वेळ दाबून धरला यावर त्याचं आयुष्य ठरतं.

## टप्पा १: आवाज कुठला ते आधी ओळखा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल.

पेडल वर असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग दुखणं गिअर बॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टच्या बेअरिंगमध्ये आहे. पायलट बदलून काही होणार नाही.

पेडलला पाय लावून थोडंसं दाबताच, म्हणजे मोकळी चाल संपली रे संपली की आवाज सुरू होतो? तो रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगचा.

पेडल पूर्ण तळाला, पहिला गिअर टाकलेला, गाडी ब्रेकवर उभी, आणि आतून चिरचिर किंवा किंचाळल्यासारखा आवाज? तो पायलट. गिअर टाकणं इथे महत्त्वाचं आहे. न्यूट्रलमध्ये क्लच दाबला तरी शाफ्ट काही वेळ स्वतःच्या झोकात फिरत राहतो आणि आवाज लपतो. गिअर टाकल्यावर शाफ्ट जागच्या जागी थांबतो आणि क्रँक-शाफ्टमधला वेगाचा पूर्ण फरक पायलटवर येतो. ही चाचणी करताना समोर माणूस उभा करू नका.

चौथा प्रकार फसवा. आवाज काहीच नाही, पण पहिला आणि रिव्हर्स कडकड करून पडतात, पेडल तळाला असूनही गाडी पुढे ओढते. पायलट शाफ्टवर जाम झाला की असंच होतं. पण केबल सैल असली किंवा क्लचच्या सिलिंडरमध्ये हवा शिरली तरीही नेमकं हेच होतं. आधी बाहेरचं तपासा. पाच मिनिटांत केबल आवळून सुटणाऱ्या दुखण्यासाठी गिअर बॉक्स उतरवलेला मी पाहिलाय.

तपासा: तुमच्या गाडीत पायलट आहे का? इंजिन आडवं बसवलेल्या पुढच्या चाकांच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तो नसतोच, शाफ्ट गिअर बॉक्समध्येच दोन्हीकडून पेललेला असतो. काहींत मात्र असतो. मॅन्युअल बघा, नाहीतर उघडल्यावर भोक बघा. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवलेल्या जीप, टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टरमध्ये तो बहुतेक असतोच.

## टप्पा २: उतरवताना शाफ्टला इजा करू नका

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी जॅकवर उचललीत तरी खाली शिरण्याआधी स्टँड लावा, जॅकवर विसंबू नका. गिअर बॉक्सखाली दुसरा जॅक किंवा साखळी लागतेच.

बोल्ट सुटल्यावर गिअर बॉक्स शाफ्टच्या दात्यांवर लटकत ठेवून चहाला जाऊ नका. सगळं वजन क्लच प्लेटच्या मधल्या भागावर आणि शाफ्टच्या त्या बारीक टोकावर येतं. प्लेट वाकते, टोकाला घाव बसतो आणि नंतर आपण पार्टला शिव्या देतो. सरळ मागे ओढा, वर-खाली हलवून नको.

क्लचच्या हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा.

एंजिन आणि गिअर बॉक्सला एका रेषेत धरणाऱ्या, दोघांच्या मधल्या डॉवेल पिना जागेवर आहेत का ते इथेच बघून ठेवा. पुढे त्या लागतील.

## टप्पा ३: टोक बघा, भोक बघा, मापं लिहा

आता खरं काम. उजेडात बसा.

शाफ्टचं टोक डिझेलनं धुवा, कोरडं करा आणि अंगठ्याचं नख लांबीच्या दिशेनं आणि गोल, असं दोन्हीकडून हळू फिरवा. गुळगुळीत सरकलं तर उत्तम. कुठे अडकलं तर तिथे चर आहे किंवा खड्डा. माझ्याकडे येळ्ळूरचा एक पोरगा शिकायला होता, तो डोळ्यांनी बघून ‘बरं हाय की’ म्हणायचा, आणि नख लावलं की गप्प व्हायचा. नीडल बेअरिंग, म्हणजे बारीक सुयांचं रोलर बेअरिंग, गेलेलं असेल तर सुयांच्या लांबीएवढ्या बारीक उभ्या रेघा टोकावर उमटतात, जणू कुणी कंगवा दाबला. बुशनं घासलं असेल तर टोक गोल फिरून झिजतं, मधे घळ पडल्यासारखं.

मग माप. व्हर्निअरनं नको, मायक्रोमीटरनं घ्या. टोकाच्या मुळाशी आणि शेवटाला, आणि दोन्ही जागी एकमेकांना काटकोनात, अशी चार मापं कागदावर लिहा. चारांत फरक एका थाऊपेक्षा जास्त असेल तर टोक लंबगोल किंवा निमुळतं झालंय. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जवळपास ०.०२५ मिलिमीटर. लेथवाल्यांशी बोलताना हाच शब्द लागतो.

शाफ्ट हातानं हलवून बघा. गिअर बॉक्स बाहेर असताना तो थोडा डुगडुगतो, घाबरू नका. त्याचं पुढचं टोक पायलटमध्ये टेकणार असतं म्हणून एवढी सूट असतेच. पण फिरवताना खरखर लागली किंवा पुढे-मागे धक्का जाणवला तर गिअर बॉक्सचं बेअरिंग गेलंय. ते बदलल्याशिवाय नवा पायलट टिकणार नाही.

आता क्रँकचं भोक. जुना पार्ट काढल्यावरच ते नीट दिसतं, तरी आत्ताच एक गोष्ट कळते: जुन्या पार्टचं बाहेरचं अंग भोकात घट्ट आहे, की बोटानं फिरतंय? फिरत असेल तर भोक मोठं झालंय. यावर आपल्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे भोकात पंचनं चार ठिकाणी ठोकून उंचवटे काढायचे, नाहीतर डब्याचा पत्रा कापून भोवती गुंडाळायचा. दोन्ही करू नका. पार्ट मधोमध बसत नाही, शाफ्ट तिरका होतो आणि महिन्याभरात पुन्हा तोच आवाज. बाहेरून मोठ्या मापाचा बुश लेथवर करून घेणं हाच इलाज.

तपासा: कागदावर एवढं असायला हवं: टोकाची चार मापं, जुन्या पार्टचं आतलं-बाहेरचं माप आणि लांबी, भोकाची खोली, आणि जुना पार्ट कुठल्या जातीचा होता ते.

## टप्पा ४: बुश की बेअरिंग, आता ठरवा

पायलट तीन जातींचे मिळतात, आणि लोक त्यातल्या दोघांना सर्रास ‘बेअरिंग’ म्हणून एक करतात.

बुश. हा ब्राँझ किंवा गनमेटलचा साधा नळा. मऊ असतो, म्हणून घासला तर स्वतः झिजतो, शाफ्ट वाचतो. बिघडला तरी हळूहळू बिघडतो, आधी आवाज करून सांगतो. थोडा तिरकेपणा सहन करतो.

नीडल बेअरिंग, म्हणजे रोलरवालं. पातळ पत्र्याच्या टोपीत बारीक सुया. याला आतली रिंग नसते, सुया थेट शाफ्टच्या टोकावर धावतात. टोक हीच त्याची रिंग. त्यामुळे टोक कडक केलेलं, गुळगुळीत आणि गोल हवंच. तसं असेल तर क्लच बराच वेळ दाबला जाणाऱ्या गाडीला हे बुशपेक्षा सरस. तसं नसेल तर सुया मऊ टोकाला खणतात, मग स्वतः मोडतात, आणि मोडलेल्या सुया राहिलेलं टोक खातात.

बॉल बेअरिंग. बऱ्याच ट्रॅक्टर आणि ट्रकमध्ये हे असतं. याला आतली रिंग असते, टोक तिच्यात बसून तिच्यासकट फिरतं. म्हणून टोक कडक असण्याची सक्ती नाही, फक्त रिंगमध्ये सैल नको.

आता निवड.

जुना बुश होता आणि टोक गुळगुळीत आहे: बुशच घाला. ‘अपग्रेड’ म्हणून नीडल नको. बुशसाठी केलेलं टोक नीडलला लागतं तेवढं कडक असेलच असं नाही. शंका असली तर कानशीची चाचणी करा. टोकाच्या अगदी पुढच्या चपट्या तोंडावर, जिथे काहीच धावत नाही, बारीक कानशीचा कोपरा हलका ओढा. कानस काचेवरून सरकल्यासारखी घसरली तर कडक, चावली तर मऊ. धावणाऱ्या गोल अंगावर ही चाचणी कधीही करायची नाही.

जुनं नीडल होतं आणि टोक साफ आहे: नीडलच घाला, त्याच मापाचं.

जुनं नीडल होतं आणि नख अडकतंय: इथे सगळे चुकतात, मीही चुकलोय. माझ्या स्वतःच्या जुन्या जीपच्या टोकावर त्या कंगव्याच्या रेघा होत्या. नवीन नीडल घरात पडलं होतं, ग्रीस भरलं आणि घातलं. जुलैत पणजीहून परत येताना चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या अलीकडे क्लच दाबला तरी गाडी ओढायला लागली, मग गिअर निघेना. पावसात टोचन करून जांबोटीला आणली. उघडल्यावर सुयांचा चुरा निघाला आणि टोक कानशीसारखं खडबडीत. तीनशे रुपयांचा शहाणपणा आणि अख्खा गिअर बॉक्स उघडून नवा शाफ्ट. अशा टोकाला दोनच मार्ग: शाफ्ट बदला, किंवा टोक लेथवर गोल आणि गुळगुळीत करून घ्या आणि त्या नव्या मापाचा बुश करून घ्या. नवं नीडल हा मार्गच नाही.

जुनं बॉल बेअरिंग होतं: तोच नंबर घ्या. बाजूवर कोरलेला नंबर वाचा. ६२०२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३५, रुंदी ११ मिलिमीटर. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२. नंबर पुसला असला तरी मापावरून दुकानदार देतो. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं, म्हणजे नंबरापुढे टू आरएस असलेलं घ्या. खानापूर तालुक्यात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर गुडघाभर पाण्यात चालतो, तिथे पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड बेअरिंग चिखल आत घेतं.

वापराचा विचार शेवटी करा, आधी नाही. हायवेवर निपाणी-संकेश्वर पळणाऱ्या गाडीला बुश वर्षानुवर्षं टिकतो, कारण क्लच दाबलाच जात नाही. साखर कारखान्याच्या गेटवर रात्रभर रांगेत अर्धा क्लच दाबून दोन ट्रॉल्या सरकवणाऱ्या ट्रॅक्टरचा पायलट एका हंगामात जाऊ शकतो, मग तो कुठल्याही जातीचा असो. त्याला सांगण्यासारखं औषध एकच: थांबलास की न्यूट्रल कर आणि पाय काढ.

### बुश कुठल्या धातूचा

दुकानात मिळणारा तयार बुश बऱ्याचदा सिंटर्ड ब्राँझचा असतो. धातूची पूड दाबून, भाजून केलेला, अंगभर सूक्ष्म छिद्रं आणि त्यात तेल. लेथवर करून घेतलेला बुश गनमेटलचा किंवा फॉस्फर ब्राँझचा भरीव असतो. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्री आणि लेथ दोन्ही असल्यामुळे आपल्याकडे हा सहज होतो, ही आपली सोय आहे. पण ‘पितळेचा चालेल का’ असं लेथवाला विचारेल, कारण पितळेचा दांडा त्याच्याकडे पडलेला असतो. नको म्हणा. पितळ तेल आटलं की शाफ्टला चिकटतं. पितळ पिवळं दिसतं, गनमेटल तांबूस.

तपासा: तयार बुशला चुंबक लावून बघा. चिकटला तर त्यात लोखंडाची भेसळ आहे. असा बुश मऊ टोकाला खाऊ शकतो. तो परत द्या.

## टप्पा ५: जुना काढणं

बुश असेल तर ग्रीसची युक्ती उत्तम. बुशमागच्या पोकळीत काठोकाठ ग्रीस भरा, हवा राहू देऊ नका. बुशच्या आतल्या मापाचा, अंगाला घट्ट बसणारा गोल दांडा घ्या. जुना शाफ्ट मिळाला तर त्याहून चांगला. भोकात घालून हातोड्यानं एक ठोका. ग्रीस दाबलं जात नाही, ते मागून बुशला बाहेर ढकलतं. थोडा बाहेर आला की पुन्हा ग्रीस भरा, पुन्हा ठोका. दांडा सैल असेल तर ग्रीस उलट तुमच्या तोंडावर येतं, म्हणून चष्मा लावा. ग्रीसऐवजी ओल्या कागदाचा लगदा ठासूनही हेच होतं, आणि नंतर साफ करायला सोपं.

नीडलला ही युक्ती फारशी चालत नाही, सुयांच्या फटींतून ग्रीस निसटतं. त्याला आणि बॉल बेअरिंगला आतून पकडणारा पुलर लावा. पुलर नाही म्हणून छिन्नीनं फोडायला जाल तर भोकावर घाव पडतो, आणि त्या घावावर नवा पार्ट तिरका बसतो. फ्लायव्हीलमध्ये आरपार बसलेलं बेअरिंग असेल तर फ्लायव्हील उतरवून मागून दाबून काढा.

सुया मोडलेल्या असतील तर चुंबकानं गोळा करा आणि उरलेल्या शाबूत सुयांवरून अंदाज घ्या की सगळं बाहेर आलंय का. एक तुकडाही आत राहायला नको.

इशारा: पोकळीतलं ग्रीस शेवटच्या थेंबापर्यंत पुसून काढा. इंजिन तापलं की ते पातळ होऊन फेकलं जातं आणि थेट नव्या क्लच प्लेटवर बसतं. नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट, आणि चढावर क्लच घसरतोय, असं झालं तर आधी हीच शंका घ्या. क्रँकचं मागचं तेलाचं सीलही गळत नाही ना, ते याच वेळी बघून घ्या.

## टप्पा ६: नवा बसवणं

बसवण्याआधी तेल-ग्रीसचा हिशेब नीट समजून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या चुका इथल्या असतात.

सिंटर्ड बुशला तेल, ग्रीस नाही. ग्रीस त्याची छिद्रं बुजवतं आणि बुश कोरडा मरतो. डिझेलात किंवा पेट्रोलात धुवायचाही नाही, आतलं तेल निघून जातं. रात्रभर स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. घाई असेल तर एका बाजूला अंगठा लावा, बुश तेलानं काठोकाठ भरा, दुसऱ्या बाजूला दुसरा अंगठा लावून जोरानं दाबा. थोड्या वेळात बुशच्या बाहेरच्या अंगावर घामासारखे तेलाचे बारीक थेंब उमटतात. ते दिसले की समजा छिद्रं भरली.

भरीव गनमेटल बुशला छिद्रं नसतात. त्याला उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या, आणि करवून घेतानाच आत एक उथळ चर ठेवायला सांगा, म्हणजे ग्रीस धरून राहतं.

नीडलला चांगलं बेअरिंग ग्रीस, पण सुयांमध्ये बसेल एवढंच. सील असलेल्या बॉल बेअरिंगला काहीच नाही.

आता घट्टपणा. बुश भोकात दाबून बसतो, आणि बाहेरून जेवढा आवळला जातो जवळजवळ तेवढंच त्याचं आतलं भोक लहान होतं. हे लेथवाल्याला सांगा, नाहीतर हातात बरोबर वाटणारा बुश बसवल्यावर शाफ्टवर जात नाही. बसवल्यानंतर टोक आणि बुश यांच्यात साधारण एक ते तीन थाऊ सूट उरली पाहिजे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात आकडा असेल तर तोच धरा. सूटच नाही ठेवली तर गरम झाल्यावर बुश शाफ्ट पकडतो, आणि क्लच दाबूनही गाडी ओढते.

बुश किंवा बेअरिंग पिशवीत गुंडाळून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, घरच्यांना आधी सांगून. आकसल्यावर सहज जातो. क्रँक मात्र गॅसच्या ज्योतीनं तापवू नका, मागचं सील जळतं.

बसवायला पायरीचा दांडा करून घ्या: पुढचा बारीक भाग बुशच्या आत जाईल असा, मागचा खांदा बुशच्या तोंडावर टेकेल असा. थेट हातोडा मारलेल्या बुशचं तोंड आत दबतं. नीडलची एक बाजू जाड असते, तिच्यावर नंबर कोरलेला असतो. दांडा त्याच बाजूवर टेकवायचा. सील असलेल्या नीडलमध्ये सील गिअर बॉक्सकडे. बॉल बेअरिंगला फक्त बाहेरच्या रिंगवर दाब द्या, आतल्या रिंगवर ठोकाल तर गोळ्यांचे डाग रिंगवर उमटतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून बोलतं.

सरळ जातोय का ते दर दोन ठोक्यांनी बघा. जुना जेवढा खोल होता तेवढाच हा बसवा.

तपासा: टोकाच्या मापाचा खोटा शाफ्ट, किंवा क्लच मध्यावर धरायचा अलाइनमेंट शाफ्ट, आत घालून हातानं फिरवा. सहज फिरला पाहिजे, पण डुगडुगू नये. घट्ट असेल तर गनमेटलचा बुश रीमरनं, म्हणजे भोक मोठं करायच्या हत्यारानं, मोठा करता येतो. सिंटर्ड बुशवर पॉलिश पेपर घासू नका, छिद्रं बंद होतात. तो बरोबर मापाचा दुसरा आणा.

## टप्पा ७: क्लच चढवणं आणि गिअर बॉक्स जोडणं

फ्लायव्हीलचं तोंड आणि प्रेशर प्लेट ब्रेक क्लीनरनं पुसा, तेलकट बोट लावू नका. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते प्लेटवर लिहिलेलं असतं, वाचा. अलाइनमेंट शाफ्ट घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत जा. दात्यांवर ग्रीसचा नुसता पुसट हात.

गिअर बॉक्स चढवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून ती मार्गदर्शक म्हणून लावा, बॉक्स सरळ रेषेत आत येतो. दाते जुळत नसतील तर बॉक्स गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट थोडा फिरवा.

इशारा: बोटभर फट राहिली आणि बॉक्स पुढे जात नाही, तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. सहाही टप्प्यांचं काम इथे दहा सेकंदांत वाया जातं. टोक पायलटच्या तोंडावर टेकलेलं असतं, बोल्ट आवळले की नवा बुश चेपतो किंवा नीडलची टोपी फाटते. बॉक्स मागे घ्या, जॅकची उंची सारखी करा, पुन्हा लावा. बरोबर असला की शेवटचा भाग हाताच्या जोरानं बसतो.

डॉवेल पिना आठवतात? त्या नसतील किंवा झिजल्या असतील तर हाउसिंग क्रँकच्या मध्यावर बसत नाही. दर वर्षी पायलट जाणाऱ्या गाडीत बुश-बेअरिंगचा वाद घालण्याआधी हेच तपासा. क्रँकवर डायल गेज लावून हाउसिंगच्या मधल्या भोकाभोवती फिरवा. काट्याची एकूण चाल पाच थाऊच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर नीडल टिकणार नाही, आणि बुशही एका बाजूनं लंबगोल होईल.

## टप्पा ८: चालू करून बघणं

पेडलची मोकळी चाल लावा. इंजिन चालू करा, न्यूट्रल, पेडल वर: ऐका. हळूहळू दाबा: ऐका. तळाला दाबून पहिला गिअर टाका, ब्रेक धरून अर्धा मिनिट थांबा: ऐका. रिव्हर्स न खरखरता पडला पाहिजे.

नवा बुश पहिल्या दिवशी थोडा कुरकुरला तर चालतं, दोन-चार दिवसांत गप्प होतो. नीडल किंवा बॉल बेअरिंग कुरकुरलं तर चालत नाही, ते बसवतानाच दुखावलंय. गाडी ओढत असेल तर केबल पुन्हा बघा, सिलिंडरची हवा काढा, आणि तरीही ओढली तर बुशची सूट कमी पडली आहे. ‘चालवून चालवून सुटेल’ म्हणून चालवू नका, टोक निळं पडेपर्यंत तापतं.

टप्पा ३ चा तो मापांचा कागद फेकू नका. त्यावर आता काय घातलं, कुठल्या मापाचं आणि कधी, ते लिहा आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी लेथवाल्याला बुश करायला द्यायचा असेल तर गिअर बॉक्स उतरायच्या आधीच तो दांडा कापून तयार ठेवेल. शेवटचा एक थाऊ मात्र टोक हातात आल्यावरच काढायला सांगा.